बायका आणणारी बाई

पालिकेचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. चाकणच्या कंपनीत जेवणाची सुट्टी झालेली. मी ताट घेऊन रांगेतून बाहेर पडले. आमच्याकडं कायम कामगारांचा शर्ट निळा, ठेक्यावरच्यांचा राखाडी. राखाडीवाल्यांची टेबलं भांडी घासायच्या बाजूला. तिथं पोचायचं तर ऑफिसवाल्यांच्या टेबलांमधून जावं लागतं. माझ्या केसांच्या मुळाशी आदल्या दिवशीच्या मिरवणुकीचा गुलाल राहिला होता. एका आंघोळीत निघत नाही तो.

एचआरच्या मॅडमनी तो बघितला. शेजारच्या इंजिनिअर पोरांना म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशाच बेतानं,

"साडीवर मत विकणाऱ्या आल्या बघा. एकदा फुकट देवाला नेलं की झालं ह्यांचं. मग ब्रेक मिळाला की रडत आमच्याच केबिनमध्ये."

पोरं हसली. एकजण म्हणाला, "देवच करेल ना मॅडम ह्यांना परमनंट."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ब्रेक देणारी हीच बाई. ठेक्यावरच्या माणसाला सलग ठेवलं तर तो कायम करा म्हणेल, म्हणून मधेच घरी बसवतात आणि मग नवा असल्यासारखा परत घेतात. त्याला ब्रेक म्हणतात. तिच्या तोंडाला लागायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी गेटवरूनच माघारी. मी मान खाली घालून गेले आणि बसले.

माझ्या लाइनीवर शेजारी सुजाता असते. देहूरोडची. वायरी बांधायच्या बोर्डावर आम्ही दोघी कितीतरी वर्षं शेजारी उभ्या. तिच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, माझ्या घरात तुळजाभवानीचा. तिचं मत कुठं जातं ते मला माहीत, माझं कुठं जातं ते तिला. ती म्हणाली, "जेव गप. थंड होतंय." मी जेवले.

मॅडमनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारलं नाही. गरीब माणूस देवाधर्माच्या पक्षाला का मत देतो, हा प्रश्न ह्या लोकांना लई पडतो, पण तो ते आपापसात विचारतात आणि आपापसातच उत्तर देतात. अडाणी आहेत. विकले जातात. ह्यांना आपलं हित कळत नाही. झालं उत्तर. एसीत बसून सोपं असतं.

मला सगळं कळत होतं. ऐका.

माझे मालक ह्याच पट्ट्यात ठेक्यावर होते. आम्ही धाराशिवकडचे. लग्न झाल्यावर भोसरीत एक खोली घेतली, मागून सासूबाईंना आणलं. मालक सेकंड शिफ्ट करून गाडीवर येत होते. चाकणच्या चौकात कंटेनरनं उडवलं. जागेवरच गेले. कंपनी म्हणाली, गेटच्या बाहेर झालंय, आणि माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा. युनियनचे पुढारी दवाखान्यापाशी दुसऱ्या कुणाच्या कामासाठी उभे होते. मी त्यांच्यापुढं हात जोडले. मोठ्या मोठ्या सभांमधून कष्टकऱ्यांचं राज्य आणणारा माणूस. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "ठेक्यावरच्यांचं आमच्याकडे येत नाही, ताई."

भाऊ आला. भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डातला पुढारी, भोसरीच्या मूळ गावकऱ्यांच्या घरातला. गळ्यात देवाचा गंडा, पांढरा शर्ट. दवाखान्याच्या फरशीवर सासूबाई आडव्या पडल्या होत्या. तो तिथंच, त्या फरशीवर मांडी घालून बसला. म्हणाला, "आजी, रडू नगा. आमी हाय ना. गाडी भाईर उभी हाय. गावाला न्यायचं का हितंच करायचं, तुमी सांगा."

मालकांचं मढं भाऊच्या गाडीतून गावाला गेलं. त्याच्या हाताखालची दोन पोरं बरोबर आली. त्यांनी लाकडं रचली, खांदा दिला, तिसऱ्याला थांबली.

आता पुढचं सांगते. मालक ज्या ठेकेदाराकडं होते तो ठेका भाऊच्या मेव्हण्याच्या नावावर. सगळ्या गल्लीला माहीत. मलाही माहीत. ज्यांनी माझ्या नवऱ्याला कधी कायम होऊ दिलं नाही, त्यांच्याच गाडीतून त्याचं मढं गेलं. आणि तरी मी भाऊचे पाय धरले. अडाणी होते म्हणून नाही. दुसरं कुणी त्या फरशीवर बसलंच नाही म्हणून.

हे मॅडमला कसं कळावं?

मालकांच्या जागी मग मलाच घेतलं. त्याच मेव्हण्याच्या ठेक्यावर. दिवसभर बोर्डावर उभं राहायचं. तिथं नावानं कुणी हाक मारत नाही. "ए राखाडी." "ए स्टेशन चार." घरी आलं की गल्लीच्या कोपऱ्यावर भाऊनं बांधून दिलेलं देवीचं देऊळ. संध्याकाळी आरतीला उभं राहिलं, टाळी वाजवली, की मी कुणीतरी आहे असं वाटायचं. कोण हसतंय तर हसू दे. तुम्ही एकदा दहा तास उभ्या राहा आणि मग आरतीला या.

आणि अजून एक, तेही सांगून टाकते. सभेला गेलं की भाषणात 'ते लोक' असायचे. ते असे, ते तसे, त्यांच्यापासून आपल्या लेकीबाळींना जपा. ऐकून बरं वाटायचं. दिवसभर सगळ्यांच्या पायाखाली असलेल्या माणसाला आपल्याही खाली कुणीतरी आहे असं कुणी माईकवरून सांगितलं, की पाठ जरा ताठ होते. ही मेली गोष्ट खरी आहे, आणि ज्यांना ती विकायची ते बरोबर ओळखून असतात.

यंदा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. भाऊला उभं राहता येईना, म्हणून वहिनी उभ्या राहिल्या. वहिनी म्हणजे भाऊची बायको. शिकलेल्या, बोलायला गोड. दिवाळीनंतर त्यांनी बायकांच्या देवदर्शनाच्या बसा काढल्या. इकडं सगळेच काढतात, कुणी उज्जैनला, कुणी कोल्हापूरला. आमची तुळजापूरला होती.

सासूबाईंचा नवस होता. लेकाच्या लग्नानंतर गोंधळ घालायचा, कुलाचार करायचा. कधी सुट्टी नाही, कधी ऐपत नाही. मग लेकच गेला. म्हातारी रोज रात्री म्हणायची, "देवीचं राह्यलं गं. तिचं राह्यलं म्हनूनच असं झालं." तुळजापूरला देवळात पायऱ्या उतरून जावं लागतं. तिचे गुडघे गेलेले. भाऊच्या पोरांनी तिला खुर्चीवर बसवून खाली नेलं. म्हातारीनं देवीपुढं डोकं टेकलं आणि अशी रडली, अशी रडली की माझाच जीव वर-खाली झाला. तुम्ही त्याला फुकटची बस म्हणता. माझ्या सासूच्या छातीवरचा धोंडा त्या बसनं उतरवला.

बाहेर आवारात वहिनी करंडा घेऊन सगळ्या बायकांना हळदी-कुंकू लावत होत्या. माझ्यापाशी आल्या. मी मान मागं घेतली. म्हटलं, "वहिनी, मला नको. आमचे मालक नाहीत."

वहिनी म्हणाल्या, "देवीच्या दारात कसली विधवा? तिची लेक आहेस तू."

आणि लावलं. नुसतं टेकवलं नाही, कपाळभर मळवट भरला. नवरा गेल्यापासून मला कुणी कुंकवाचं बोट लावलं नव्हतं. हळदी-कुंकवाच्या दिवसांत मी खोलीचं दार लावून बसायची. कोणी बोलवायचं नाही आणि मी दिसले तर बायका ओशाळायच्या. आणि ही बाई, गाडी-बंगलेवाली, सगळ्यांसमोर माझं कपाळ भरते. मी तिथं हमसून हमसून रडले. बसमध्ये बसल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "देवीच्या दारात चालतंय. घरी जायच्या आत पुस." मी पुसलं नाही. तशीच गल्लीत उतरले.

त्या दिवसापासून मी वहिनींची झाले. बायका आणणारी बाई झाले. प्रत्येक गल्लीत अशी एक असते. सभा असली, कार्यक्रम असला, की पोरगा येऊन सांगतो, "ताई, दोन गाड्या बायका पाहिजेत." मग आपण घरोघर जायचं, कुणाची पोरं शेजारणीकडं ठेवायची, कुणाच्या नवऱ्याला समजवायचं, आणि बायका आणायच्या. मी शिफ्ट करून हे केलं. पायाला भिंगरी लागल्यागत फिरले. सुजाता चिडवायची, "तुझी वहिनी मला का गं कधी बोलवत नाही?" मी हसण्यावारी न्यायची. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या बायकांना हाताला धरून नेलं. वहिनी निवडून आल्या. गुलाल उधळला. तो हाच गुलाल, मॅडमनी बघितला तो.

रथसप्तमीच्या आधी वहिनींनी मोठं हळदी-कुंकू ठेवलं. शाळेच्या मैदानात मांडव, स्टेज, लाइटा. फ्लेक्सवर लिहिलेलं, 'समस्त माता-भगिनींना आग्रहाचं निमंत्रण'. मी तीन गाड्या बायका आणल्या. कुणी सांगितलं नसताना एक जास्त आणली, तेवढा उत्साह. धुतलेली जरीची साडी नेसले. सासूबाई म्हणाल्या, "तू कामून नटायलीस? तुझं काय काम तिथं?" म्हटलं, "आत्याबाई, वहिनींनी देवीसमोर लावलंय मला." त्याही माझ्याबरोबर आल्या, मागं खुर्चीवर टेकल्या.

बायकांची रांग लागली. स्टेजवर वहिनी, शेजारी कुणी मोठ्या पाहुण्या बाई आलेल्या, समोर फोटोवाला. मी रांगेत. माझ्या पुढं माझ्याच गल्लीतल्या बायका. एकेकीला कुंकू, तिळगूळ, वाण म्हणून स्टीलचा डबा. माझी पाळी आली. मी पुढं झाले, मान जरा वाकवली.

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. ओळखलं, शंभर टक्के ओळखलं. मग पाहुण्या बाईंकडं बघितलं. आणि हात तसाच माझ्यावरून पुढं, माझ्या मागच्या बाईकडं गेला.

वहिनींच्या नणंदेनं माझा दंड धरला. "मावशी, तुम्ही जरा मागं व्हा. फोटो चाललेत. शुभ कार्य आहे, समजून घ्या. तिकडं डबे द्यायला बाई कमी आहे, तिथं उभ्या राहा."

कालपर्यंत ताई. आज मावशी.

बायका बघत होत्या. मी आणलेल्या बायका. कुणाची पोरं मी शेजारणीकडं ठेवली होती, कुणाच्या नवऱ्याशी मी बोलले होते. सगळ्यांनी नजर खाली घातली. मी डब्यांच्या ढिगाकडं चार पावलं गेलेसुद्धा. सवयच असते पायांना, जा म्हटलं की जायची. मग थांबले. वळले. स्टेजवरचा माईक चालू होता, पण मला माईक लागला नाही.

"वहिनी, तुळजापूरला लावलेलं कुंकू मतदानापुरतं होतं का?"

वहिनी हसल्या, तसंच फोटोतलं हसणं. भाऊ बाजूनं आला, हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, घरी बोलू आपन. पाव्हनी हाय. व्हय ना?" मी म्हटलं, "इथंच सांगा. मी देवीची लेक होते ना? मग इथं कोण आहे?"

मागून सासूबाई ओरडल्या, "काय करायलीस गं! खाली बस. तोंड काळं करायलीस माझं."

एक बाई उठली नाही. एकही. ह्याचाच लई राग आला मला, अजून येतो. डबा मिळाल्याशिवाय कोण उठणार? मी एकटी मांडवाबाहेर पडले. चपला सापडेनात, अनवाणी खोलीपर्यंत गेले. 'ते लोक' म्हणून भाषणात जे असायचे, त्यांच्यात मला उभं करायला ह्यांना एक पाहुणी बाई पुरली.

सुजाताला सांगितलं. ती म्हणाली, "पण तुला तिच्याच हातचं कशाला लागतं गं?" मी तिच्यावरच उसळले. म्हटलं, "तुला नाही कळायचं ते." माझ्या बोर्डावरच्या मागं पडलेल्या वायरी तिनं बांधून दिल्या. कळत तिला नव्हतं की मला, ते मी अजून ठरवते आहे.

आठवडा झाला नाही तोवर मला ब्रेक मिळाला. एचआरच्या केबिनमध्ये त्याच मॅडम. नजर कॉम्प्युटरवर. "ठेकेदाराकडून सांगितलंय, आमच्या हातात काही नाही." मी रडले नाही. त्या वाट बघत होत्या रडण्याची, असं मला वाटलं. नुसती गेले.

मांडवातलं कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. ते फिरलं. हरलेल्या पक्षानं जास्तच फिरवलं. त्यांचीही माणसं दारात येऊन गेली, म्हणाली आमच्या स्टेजवर बोला. म्हणजे तिथंही बाई पाहिजेच, फक्त स्टेज बदलायचं. मी दार लावून घेतलं.

मग एका दुपारी वहिनी आल्या. नणंद बरोबर. खोलीत शिरल्या, दार आतून लोटलं. जमिनीवर बसल्या, हे मानलं पाहिजे. म्हणाल्या, "ताई, मला स्वतःला काही नाही गं. पण तिथं लोक होते. आपली माणसं जुन्या वळणाची, बायका नाराज होतात. तू समजून घ्यायचं होतंस."

मी म्हटलं, "लोक होते म्हणता. मी लोकांत नाही का?"

वहिनींनी पिशवीतून करंडा काढला. "चल, आत्ता लावते. झालं का समाधान? आणि मोबाइलवर दोन वाक्यं बोल, की गैरसमज झाला होता, वहिनी माझ्या बहिणीसारख्या. सोमवारी कामावर ये. ब्रेक काढायला सांगते मी."

सोमवारी कामावर ये. बघा किती सोपं होतं. मेव्हण्याचा ठेका आहे असं उघड कधी कुणी म्हणत नव्हतं, आज वहिनींनीच म्हटलं. चुलीजवळ सासूबाई बसल्या होत्या. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "घे की गं. काय जातंय तुझं? ह्यांनी माझ्या लेकाला गावाला नेलंय."

नेलं होतं, खरंच नेलं होतं. घरात ज्वारी संपत आली होती. म्हातारीच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या होत्या. वहिनींचं बोट कुंकवात बुडून माझ्या कपाळाकडं आलं. तेच बोट.

मी त्यांचं मनगट धरलं. जोरात धरलं, बांगड्या वाजल्या.

"वहिनी, हे चारचौघांत लावा. त्याच मैदानात, त्याच बायकांसमोर. तिथं जमत असलं तर मी मोबाइलवर दोन नाही, दहा वाक्यं बोलते. बंद खोलीत लावायचं असेल तर नको मला."

"तसं नाही जमत ताई."

"मग उठा."

नणंद म्हणाली, "माजलीस." सासूबाई रडायला लागल्या. वहिनी उठल्या, पदर झटकला, आणि दारातून जाताना एवढंच म्हणाल्या, "पस्तावशील." तोंडावरचं गोड गेलं होतं. मी पहिल्यांदा त्यांचा खरा आवाज ऐकला.

त्या कंपनीचं गेट मला बंद झालं. आता भोसरीत एका वर्कशॉपमध्ये पार्टांच्या कडा घासते. हाताला कापतं, पगार कमी, ओव्हरटाइम नाही. सासूबाई माझ्याशी धड बोलत नाहीत. आरतीला मी जाते. जाणार. कुणी बाजूला सरकलं तरी तिथंच उभी राहणार. ते देऊळ भाऊनं बांधलं असेल, देवी त्यानं बांधलेली नाही.

मला कुणी आता विचारू नये, तुमचं मत कुणाला. भाऊच्या पोरानंही नाही आणि एसीतल्या मॅडमनंही नाही. एक मला देवाच्या नावानं गाडीत भरतो, दुसरी मी देवाला मानते म्हणून मला हसते, आणि ब्रेक मात्र दोघं मिळून देतात. मी दोघांनाही ओळखलंय.

परवा तोच पोरगा आला होता. कार्यक्रम आहे म्हणाला, जुनं विसरा, दोन गाड्या बायका पाहिजेत. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, तुझ्या वहिनीला सांग, ह्या गल्लीतून मी बायका आणत होते. आता ह्या गल्लीत मी घरोघर जाणार आहे, त्याच दारांवर, आणि प्रत्येकीला मांडवात काय झालं ते सांगणार आहे. ज्या त्या दिवशी उठल्या नाहीत त्यांच्याकडं आधी जाणार. त्या दार लावतील, तरी जाणार. शिव्या देतील, तरी जाणार. तो म्हणाला, "मावशी, कशाला वैर घेता?"

मी म्हटलं, "घेतलंय. जा, सांग."